मतभेद वेगळा, फूट वेगळी!

इंग्रजीत 'डिसेंट' आणि 'डिसेन्शन' असे दोन शब्द आहेत. दोन्ही एकाच लॅटिन धातूपासून आलेले. वेगळे वाटणे, वेगळा विचार करणे, हा दोघांचाही मूळ अर्थ. पण वापरात दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. डिसेंट म्हणजे सभेत बसून, स्वतःच्या नावाने, कारणे देऊन मांडलेले भिन्न मत. डिसेन्शन म्हणजे दुही, कलह, तट पडणे. पहिल्यात माणूस सभेतच असतो. दुसऱ्यात सभाच उरत नाही.

मराठीत मात्र आपण या दोन्हींना एकाच शब्दाने हाक मारतो: 'मतभेद'. सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी वेगळा निकाल लिहिला तरी मतभेद, आणि जयंतीच्या वर्गणीवरून दोन भावांची डोकी फुटली तरी मतभेदच! 'पक्षात मतभेद' अशी बातमी छापून आली की वाचक पक्ष फुटला असेच समजून घेतो. शब्द एकच असल्यामुळे आपल्या समाजाने गोष्टही एकच मानली आहे. ज्याचे मत वेगळे, तो फुटलेला. जो फुटलेला, तो विकला गेलेला. या हिशेबाने जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या आपल्या विहारांचे जे नुकसान चालले आहे, ते वकिलीच्या निमित्ताने आम्ही जवळून पाहतो, म्हणून हा लेख.

आधी कायद्यातला अर्थ पाहू. आणीबाणीत नागरिकांचा जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क न्यायालयात मागता येतो का, हा प्रश्न जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने कौल दिला. न्या. हंसराज खन्ना एकटे विरुद्ध गेले. त्यांनी काय केले? न्यायालयावर बहिष्कार टाकला नाही. दुसरे न्यायालय काढले नाही. त्याच खंडपीठावर बसून, त्याच निकालपत्रात, आपले मत लिहून खाली सही केली. त्याची किंमतही मोजली. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून त्यांच्या कनिष्ठांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला. पण ते निकालपत्र जपले गेले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाच्या हक्काचा निकाल देताना जबलपूरचा बहुमताचा निर्णय रद्दबातल ठरवला आणि खन्नांचेच मत बरोबर होते असे सांगितले. एकेचाळीस वर्षे ते मत जिवंत राहिले, कारण ते बहुमताच्या शेजारी, त्याच कागदावर लिहिलेले होते.

आता आपल्या गावच्या कागदाकडे वळू या.

आमच्याकडे विहारांच्या भांडणांची प्रकरणे येतात. गावांची नावे घेत नाही. घेण्याची गरजही नाही, कारण साचा सगळीकडे एकच आहे. विहाराची पंचकमिटी असते, तिची नोंदणी झालेली असते, प्रोसिडिंग बुक असते. ते बुक उघडले की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच वाक्य सापडते: 'ठराव सर्वानुमते मंजूर.' सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. सभामंडपाच्या स्लॅबचा ठराव सर्वानुमते. जयंतीला डीजे लावण्याचा ठराव सर्वानुमते. समाजाच्या जागेतून कुणाला तरी वहिवाट देण्याचा ठराव, ज्यावर त्या रात्री अकरापर्यंत आरडाओरडा चालला होता आणि चार जण उठून घरी गेले होते, तोही सर्वानुमते!

त्या चार जणांचे काय झाले? बुकात ते नाहीत. हजेरीच्या पानावर त्यांच्या सह्या आहेत, पण त्यांचे मत कुठेच नाही. उलट त्या सह्यांमुळे ठरावाला त्यांचीही संमती होती असा कागदोपत्री पुरावा तयार झाला आहे. मग ते काय करतात? ते स्वतःचे रजिस्टर विकत आणतात. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे तसेच, लाल पाठीचे. महिन्याभरात त्यांची वेगळी सभा होते, तिथे नवी कमिटी निवडली जाते, आणि त्या नव्या रजिस्टरात पहिला ठराव लिहिला जातो, तोही सर्वानुमते मंजूर!

पुढचा प्रवास आम्हांला तोंडपाठ आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. त्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. एका विहाराचे दोन चेंज रिपोर्ट दाखल होतात. एकमेकांच्या अर्जावर हरकती येतात. तारखा पडतात. जुन्नरहून पुणे नव्वदेक किलोमीटर. मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून दोन्ही बाजूंची माणसे जातात आणि बहुधा पुढची तारीख घेऊन परत येतात. खाते कुणाच्या सहीने चालवायचे हा वाद बँकेकडे गेला की व्यवहार थांबतो. विहाराला एका गटाचे कुलूप, त्यावर दुसऱ्या गटाचे कुलूप. आणि १४ एप्रिलला एकाच वस्तीतून दोन मिरवणुका, दोन वर्गण्या, बंदोबस्तासाठी पोलीस ठाण्यात दोन अर्ज! वकिलाची फी मिळते, हे खरे. पण ज्या विहारात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालायची तिथे कुलपाला गंज चढलेला पाहिला की ती फी गोड लागत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पहिल्या रात्री त्या चार जणांना फूट नको होती. त्यांचे एवढेच म्हणणे होते की आमचा या ठरावाला विरोध आहे. ते जर सेक्रेटरीने दोन ओळींत लिहून घेतले असते तर बहुतेक वेळा प्रकरण तिथेच थांबले असते. ते लिहून घेतले नाही, कारण लिहिले तर 'समाजात एकी नाही' असे दिसेल! एकी दिसावी म्हणून विरोध खोडला, आणि त्या खोडण्यातूनच एकी गेली.

गंमत अशी की याच दोन तालुक्यांत सहकाराचे राजकारण करणाऱ्यांना हा फरक पक्का ठाऊक आहे. साखर कारखाना, दूध संस्था, पतसंस्था, सोसायटी यांच्या संचालक मंडळात बसणारा माणूस कायद्याने इतका सावध असतो की एखादे कर्जप्रकरण त्याला पटले नाही तर तो पहिले वाक्य बोलतो, 'माझा विरोध नोंदवा.' महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे मंडळाच्या निर्णयाला सगळे सदस्य मिळून जबाबदार असतात. पण ज्याला ठराव मान्य नाही त्याचे भिन्न मत इतिवृत्तात लिहिले गेले तर त्या ठरावाच्या जबाबदारीतून तो सुटतो. म्हणजे विरोध नोंदवणारा संचालक मंडळाचा शत्रू ठरत नाही. तो पुढच्या महिन्यात त्याच टेबलाशी चहा पितो. कारखान्यांच्या मंडळांत हे चालते, आणि समतेच्या विचारावर उभ्या असलेल्या आपल्या विहारात चालत नाही! हे कुणाला बोचत असेल तर बोचू द्या.

आपल्यातले काही जण म्हणतील की हे सगळे इंग्रजांच्या कायद्याचे कौतुक झाले, धम्मात एकमताला महत्त्व आहे. त्यांनी विनयपिटक उघडून पाहावे. चुल्लवग्गात उपालींनी तथागतांना नेमका हाच प्रश्न विचारला आहे. उपाली हे कपिलवस्तूचे न्हावी, आणि विनयाच्या जाणकारांत अग्रगण्य मानले गेलेले. ते विचारतात: संघराजी कशाला म्हणावे आणि संघभेद कशाला? पालीतले हे दोन शब्द इंग्रजीतल्या त्या दोन शब्दांपेक्षाही काटेकोर आहेत. राजी म्हणजे रेघ, तडा. भेद म्हणजे फुटून दोन तुकडे होणे. तथागतांचे उत्तर एखाद्या कसलेल्या विधिज्ञाचे आहे, त्यांनी सरळ आकडेच दिले. दोन्ही बाजूंना मिळून आठ जणांपर्यंत मतांतर असेल तर तो तडा, भेद नव्हे. दोन्ही बाजूंना चार-चार भिक्खू, आणि नववा 'हा धम्म, हा विनय' असे पुकारून शलाका घ्यायला सांगतो, तेव्हा तड्याचा भेद होतो. आणि भेद झाला हे ओळखायचे कशावरून? ते वेगळा उपोसथ करतात, वेगळी पवारणा करतात, वेगळे संघकर्म करतात यावरून.

म्हणजे कसोटी मनातल्या मतावर नाही, बोलण्यावरही नाही. एकत्र बसून उपोसथ होतो की नाही, यावर आहे. कितीही वाद घाला. पौर्णिमेला एकत्र बसलात तर संघ शाबूत. आजच्या भाषेत सांगायचे तर डीजेवरून वाद हा तडा आहे. दोन जयंत्या हा भेद आहे.

याच प्रकरणात पुढे आणखी एक बारकावा आहे. संघभेद हे घोर पाप मानले गेले. तरीही जो भिक्खू जे सांगतो ते प्रामाणिकपणे धम्म समजून सांगतो, आपले मत लपवून खोटे मांडत नाही, त्याला त्या पापाच्या फळातून वगळले आहे. हेतू तपासल्याशिवाय दोषी ठरवायचे नाही, हे तत्त्व तिथे आहे. आणि आपण? वेगळे बोलणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी 'दलाल' म्हणून मोकळे होतो.

कोसंबीच्या भिक्खूंची कथा आपल्याला माहीत असते, पण तिचा शेवट आपण सांगत नाही. एक विनयधर, एक धम्मकथिक. अट्ठकथेप्रमाणे शौचकूपातल्या भांड्यात पाणी शिल्लक ठेवल्याच्या कारणावरून वाद पेटला आणि दोघांच्या शिष्यांचे दोन तट पडले. तथागतांनी समजावले, त्यांनी ऐकले नाही, तेव्हा ते एकटे पारिलेय्यकाच्या अरण्यात निघून गेले. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढे जे घडले ते कोसंबीच्या उपासकांनी घडवले. त्यांनी ठरवले की या भिक्खूंना वंदन करायचे नाही, भिक्षा घालायची नाही. पोट रिकामे राहिले तेव्हा दोन्ही तट सावत्थीला गेले आणि वाद मिटला! सामान्य माणसांनी वर्गणी बंद केली की पुढारी शहाणे होतात, याचा यापेक्षा जुना दाखला आम्हांला ठाऊक नाही.

भांडण मिटवण्याच्या विनयात सात रीती आहेत. त्यात येभुय्यसिका म्हणजे बहुमताने निर्णय, आणि तिणवत्थारक म्हणजे गवताने झाकणे. भांडण इतके वाढले की कोण काय बोलले हे उकरत बसले तर ते आणखी पेटेल, अशा वेळी दोन्ही बाजूंनी मिळून आपापल्या बाजूचे दोष एकदम कबूल करायचे आणि वर गवत टाकायचे. अर्थात, मोठा अपराध या गवताखाली झाकता येत नाही, गृहस्थांशी संबंधित दोषही झाकता येत नाही, असे तिथेच म्हटले आहे. हिशेबातली अफरातफर 'समाजाच्या एकीसाठी' झाकणाऱ्यांनी ते वाचावे.

हे झाले ग्रंथातले. पण जुन्नरकरांना ग्रंथही उघडावा लागत नाही. मान वर करून डोंगराकडे पाहिले तरी पुरे. शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्रीच्या एका विहारात आज गणपती बसला आहे, तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. या लेण्यांतले ब्राह्मी शिलालेख वाचले गेले आहेत. तीन लेखांत यवन दात्यांची नावे आहेत. शिवनेरीच्या एका लेखात लेणे आणि पाण्याची पोढी दिल्याचे सांगून, नगरातल्या धम्मोत्तरीयांच्या भिक्खुणींच्या उपाश्रयाचा उल्लेख आहे. धम्मोत्तरीय हा एक वेगळा निकाय. म्हणजे सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी या जुन्नरात बौद्ध होते, आणि त्यांच्यात मतांतरे होती, नावानिशी!

आता इथून मावळातल्या कार्ल्याला चला. त्या लेण्यात महासांघिकांना दिलेली दाने कोरलेली आहेत. महासांघिक आणि धम्मोत्तरीय यांचे निकाय निराळे. ज्या पहिल्या मोठ्या भेदातून संघाच्या दोन शाखा झाल्या, त्याच्या दोन टोकांना त्यांची मुळे. तरीही कार्ल्याच्या चैत्यगृहात एक खांब सोपाऱ्याच्या एका भाणकाने दिलेला आहे, आणि त्या भाणकाने आपण धम्मोत्तरीय आहोत हे लेखात कोरून ठेवले आहे. नाव लपवले नाही, निकाय लपवला नाही, आणि खांब सगळ्यांच्या चैत्यात उभा केला. तो आजही उभा आहे. पुढे सातव्या शतकात आलेला चिनी प्रवासी इत्सिंग लिहून गेला की महायान आणि हीनयान या दोघांचा विनय एकच आहे. मते दोन, शिस्त एक. आपल्याकडे नेमके उलटे झाले आहे: सगळ्यांचे मत एकच, म्हणजे जयभीम, आणि शिस्त मात्र ज्याची त्याची!

प.पू. डॉ. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीचा उल्लेख केला तो उगाच नव्हे. आसनव्यवस्था, प्रस्ताव, कोरम, व्हिप, शलाकेने मतदान, निंदाव्यंजक ठराव हे सगळे संघाला ठाऊक होते हे त्यांनी तिथे सांगितले. त्याच भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला. आपण त्यातला इशारा फलकावर लिहितो आणि कार्यपद्धती विसरतो.

स्वतः बाबासाहेब भिन्न मत कसे नोंदवत? सायमन कमिशनबरोबर काम करण्यासाठी मुंबई कायदेमंडळाने नेमलेल्या समितीत ते होते. समितीचा अहवाल त्यांना पटला नाही. त्यांनी त्यावर सही केली नाही. १७ मे १९२९ रोजी आपला स्वतंत्र अहवाल सादर केला. त्यात प्रौढ मतदानाचा हक्क मागितला, सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा काढण्यास विरोध केला. प्रत्येक मुद्द्याला कारण दिले. बहुमताच्या सदस्यांना शिव्या घातल्या नाहीत. १९३२ च्या मताधिकार समितीतही त्यांनी आपली वेगळी टिप्पणी जोडली. आणि १९५१ मध्ये मंत्रिमंडळात राहणे अशक्य झाले तेव्हा हिंदू कोड बिलासह सगळी कारणे लेखी मांडून बाहेर पडले. आत राहून लिहायचे, आणि बाहेर पडायचे तर कारणे लिहून पडायचे.

विरोध करणाऱ्यालाही ते कायमचा तोडत नसत. पुण्याचे पां. ना. राजभोज हे चर्मकार समाजातले नेते. पर्वती सत्याग्रहातले कार्यकर्ते. मधल्या काळात ते बाबासाहेबांपासून दूर राहिले होते. तेच राजभोज १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले आणि १९५२ मध्ये फेडरेशनतर्फे सोलापुरातून लोकसभेवर निवडून गेले. आज असा माणूस परत आला असता तर आपण त्याला जुनी भाषणे वाचून दाखवली असती!

बाबासाहेबांच्या पश्चात काय झाले हे या वृत्तपत्राच्या वाचकांना सांगायला नको. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन वर्षे होतात न होतात तोच १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाड आणि बी. सी. कांबळे यांचे दोन पक्ष झाले. एकाला लोक 'दुरुस्त' म्हणू लागले. भूमिहीनांचा लढा कसा लढवायचा, डाव्यांशी किती जवळीक ठेवायची, हे प्रश्न खरे होते. दोन्ही बाजूंना मांडण्यासारखे काही होते. तेच प्रश्न पक्षाच्या कार्यकारिणीत बहुमताचे मत आणि अल्पमताचे मत म्हणून कागदावर शेजारी शेजारी लिहिता आले असते. तसे झाले नाही. १९७२ मध्ये तरुणांनी दलित पँथर उभारली, तिथे १९७४ मध्ये राजा ढाले आणि नामदेव ढसाळ वेगळे झाले. मार्क्स की बुद्ध, या वादातून आपल्याला विचारांचे एक मोठे दालन मिळाले असते. मिळाल्या त्या दोन संघटना. आणि १९९८! प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, रामदास आठवले मुंबईतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून. एकत्रित रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार, चौघेही खुल्या जागांवर! त्या आनंदात वस्त्यांनी दिवाळीसारखे दिवे लावले. पुढच्याच वर्षी १९९९ ची निवडणूक आली तेव्हा ते चौघे एका पक्षात नव्हते.

याचे सगळे खापर प्रस्थापित पक्षांवर फोडण्याची आपल्याला सवय आहे. त्यांनी फोडाफोडी केली हे खरेच. पण भिंतीला आधीपासून पोकळी असेल तरच पहार आत शिरते. ज्या पक्षाच्या कुठल्याही पातळीवर विरोधी मत लिहून ठेवण्याची जागा नाही, तिथे विरोध करणाऱ्याला दार एकच उरते, बाहेरचे. आणि बाहेर काँग्रेस, राष्ट्रवादी, शिवसेना, भाजप खुर्ची घेऊन उभेच असतात.

येथे सरकारचाही विषय काढावा लागेल, कारण सत्ताधाऱ्यांनी हीच गल्लत कायद्यात बसवली. १८९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा न्या. स्ट्रेची यांनी कलम १२४-अ मधल्या 'डिसअफेक्शन' या शब्दाचा अर्थ ज्यूरीला सांगितला: सरकारबद्दल आपुलकीचा अभाव! म्हणजे सरकारवर माया नसणे हाच गुन्हा. ते कलम ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगित ठेवले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तेव्हा तो शब्द तिथून गेला. पण यूएपीए कायद्यात तो अजून बसलेला आहे. १ जानेवारी २०१८ रोजी आपल्याच जिल्ह्यात कोरेगाव भीमा येथे जे घडले, त्यानंतर झालेल्या अटकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ सप्टेंबर २०१८ रोजी दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी स्वतंत्र तपासाच्या बाजूने भिन्न मत लिहिले. त्या वेळी आपण सगळ्यांनी ते निकालपत्र छापून वाटले, भिन्न मत हा लोकशाहीचा प्राण आहे असे सभांतून सांगितले. बरोबरच सांगितले. मग तोच प्राण आपल्या विहाराच्या प्रोसिडिंग बुकात का गुदमरतो, हा प्रश्न आम्हांला विचारू द्या.

सध्या तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला सहा विरुद्ध एक मताने मान्यता दिली. न्या. बेला त्रिवेदी यांनी विरोधी मत लिहिले. तेव्हापासून आपल्या बैठकांमध्ये दुसरा विषयच नाही. आमचे स्वतःचे मत या निकालाच्या विरोधात आहे आणि ते आम्ही अनेक ठिकाणी मांडले आहे. पण आमच्याच पाहण्यातल्या एका बैठकीत एका तरुण प्राध्यापकाने उपवर्गीकरणाच्या बाजूने चार मुद्दे मांडायला सुरुवात केली तेव्हा दुसऱ्या मुद्द्यावरच त्याला खाली बसवण्यात आले. तो बौद्ध आहे, बाबासाहेबांचे खंड वाचलेला आहे. त्याचे मुद्दे आम्हांला पटत नाहीत. पण ते ऐकल्याशिवाय आमच्या मुद्द्यांची धार कशी तपासणार? त्यानंतर इतिवृत्तात काय लिहिले गेले असेल? बैठकीने निकालाचा सर्वानुमते निषेध केला! उद्या मातंग समाजातल्या बांधवांशी याच विषयावर बोलायला बसायचे आहे. घरातल्या माणसाचे भिन्न मत जे ऐकून घेऊ शकत नाहीत, ते शेजाऱ्याचे काय ऐकणार?

काही मित्रांच्या सांगण्यावरून आम्ही विहारांच्या घटना-नियमावलीत घालण्यासाठी एक कलम लिहिले आहे. त्याचा मजकूर असा: 'ठराव बहुमताने मंजूर होईल. ज्या सभासदास ठराव मान्य नसेल त्याचे नाव व कारण सेक्रेटरीने त्याच ठरावाखाली त्याच सभेत लिहून सभासदास वाचून दाखवावे व त्याची सही घ्यावी. अशा नोंदीमुळे सभासदाचे कोणतेही पद वा हक्क बाधित होणार नाही. मंजूर ठरावाच्या अंमलबजावणीत तो सभासद अडथळा आणणार नाही.' चार वाक्ये आहेत. शेवटचे वाक्य पहिल्या तीन वाक्यांइतकेच महत्त्वाचे आहे; विरोध नोंदवून झाल्यावर मिरवणुकीत सगळ्यांबरोबर चालायचे आहे.

हे कलम आम्ही घोडेगाव, मंचर आणि जुन्नर येथल्या काही कार्यकर्त्यांना वाचून दाखवले. तीन आक्षेप आले. पहिला, असे लिहून ठेवले तर विरोधक कोर्टात त्याचाच पुरावा करतील. उत्तर सोपे आहे: आज जे कोर्टात येतात ते विरोध लिहिला नाही म्हणून येतात, आणि नोंद असेल तर ठराव खरोखर बहुमताने झाला हेही त्याच पानावर सिद्ध होते. दुसरा, आपली माणसे रागीट आहेत, कारणाऐवजी शिव्या लिहायला लावतील. लावू द्या, सेक्रेटरीने कारण तेवढे लिहावे, बाकीचे चहाबरोबर जिरते. तिसरा आक्षेप एका वयस्क आजींनी घेतला. त्या म्हणाल्या, 'वकीलसाहेब, बायांना सभेत बोलूच देत नाहीत, मग विरोध नोंदवणार कुणाचा?' हा आक्षेप आम्ही मान्य केला आणि कलमात पाचवे वाक्य घातले: 'सभेचा कोरम धरताना उपस्थितांत किमान एकतृतीयांश महिला सभासद असल्याशिवाय सभा ग्राह्य धरली जाणार नाही.' त्यावर तिथे बसलेल्या दोन पुरुष कार्यकर्त्यांनी ताबडतोब विरोध दर्शवला. तो आम्ही त्यांच्या नावानिशी मसुद्याखाली लिहून घेतला आहे.